काली गंडकीच्या काठी: मुस्तांगमधील एका गाउँपालिकेत

नेपाळच्या मुस्तांग जिल्ह्यातील मुक्तिनाथ तीर्थाला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंचा प्रवास आता अगदी ठरून गेलेला आहे. पोखऱ्याहून पहाटे जीपने निघायचे, बेनी, तातोपानी आणि घासा मागे टाकत काली गंडकीच्या काठाने जोमसोम गाठायचे, दुसऱ्या दिवशी राणीपौवाला गाडी सोडून १०८ धारांखाली स्नान करायचे, दर्शन घ्यायचे आणि परत फिरायचे. काहीजण वाटेत कागबेनीला थांबून संगमावर पिंडदान करतात. या मार्गावरच्या गावांमध्ये माणसे राहतात, शेती करतात, निवडणुका लढवतात, पाण्यावरून भांडतात आणि ती भांडणे मिटवतातही, हे पाहायला मात्र फारसे कोणी थांबत नाही. मला नेमके तेच पाहायचे होते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, शेतात जव अजून हिरवे असताना, मी कागबेनीत मुक्काम केला. मुक्तिनाथ आणि कागबेनी ही दोन्ही ठिकाणे ज्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत येतात, तिचे नाव वारागुङ मुक्तिक्षेत्र गाउँपालिका. या भागाला पूर्वीपासून बारागाउँ म्हणतात. काली गंडकी आणि झोङ खोला (खोला म्हणजे ओढा) यांच्या खोऱ्यांतील जुन्या गावांचा हा समूह आहे.

आधी भूगोल सांगायला हवा, कारण इथल्या कारभाराची बहुतेक सूत्रे त्याच्याच हाती आहेत. ८,१६७ मीटरचा धौलागिरी आणि ८,०९१ मीटरचे अन्नपूर्णा यांच्यामधून काली गंडकी दक्षिणेकडे उतरते. पावसाळी ढग या पर्वतरांगांच्या दक्षिण अंगावर अडतात. पोखऱ्याजवळच्या लुम्लेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर रांग ओलांडून जोमसोमला आले की तीनशे मिलिमीटरसुद्धा कठीण. लुम्लेहून निघालेली गाडी एका दिवसात हा सगळा फरक दाखवते. रोडोडेंड्रॉन संपतात, मग पाइन विरळ होतात, आणि कागबेनीच्या अलीकडे डोंगर उघडे, पिवळट, करडे, कुठे तांबूस होत जातात. नदीचे पात्र रुंद आहे, पण पाणी त्यातून दोन-तीन बारीक धारांनी वाहते. याच पात्रात आणि आजूबाजूच्या काळ्या शिळांमध्ये ज्युरासिक काळातले अमोनाइट सापडतात. हिमालय उभा राहण्यापूर्वी इथे समुद्र होता, त्याचे ते अवशेष. आपल्याकडे तुळशीजवळ आणि देवघरात पुजला जाणारा शाळिग्राम तो हाच.

वाऱ्याचा उल्लेख केल्याशिवाय या खोऱ्याचे वर्णन पुरे होत नाही. सकाळ शांत असते. दहा-अकराच्या सुमारास दक्षिणेकडून वारा सुटतो आणि दुपारी त्याचा जोर इतका वाढतो की उघड्या पात्रातून चालताना वाळूचे कण गालावर टोचतात. दिवसा वरचे कोरडे पठार तापते, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला दरीच्या अरुंद तोंडातून खालची हवा आत ओढली जाते. जोमसोमची विमाने यामुळेच सकाळीच ये-जा करतात. कागबेनीतली घरे एकमेकांना खेटून, अरुंद बोळांभोवती आणि आतल्या चौकाभोवती बांधलेली आहेत. काही बोळ तर घरांच्या खालूनच जातात. एका घराच्या धाब्यावर मला चढू दिले, तेव्हा कठड्याच्या चारही बाजूंना सरपणाच्या मोळ्या ओळीने रचलेल्या दिसल्या. वारा अडवण्याचे काम त्या करतात आणि हिवाळ्यासाठी साठाही होतो.

कागबेनी सुमारे २,८०० मीटरवर आहे. तिथून झोङ खोल्याच्या काठाने पूर्वेकडे चढत गेले की खिंगार, झारकोट, राणीपौवा आणि मग सुमारे ३,७०० मीटरच्या पुढे मुक्तिनाथ. ओढ्याच्या पलीकडच्या अंगावर जुन्या पडक्या गढीचे झोङ गाव आहे. मुक्तिनाथच्या मागे वाट आणखी चढून ५,४१६ मीटरच्या थोरोङ ला खिंडीपर्यंत जाते आणि पलीकडे मनाङ जिल्ह्यात उतरते. उत्तरेला काली गंडकीच्या काठाने गेल्यास ताङबे आणि छुसाङ लागतात. या सगळ्या प्रदेशाचे क्षेत्रफळ ८८६ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २,३३०. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून ६०३ चौरस किलोमीटर होतात, म्हणजे मुंबईच्या दीडपट जागेत आपल्याकडच्या एका मध्यम गावाएवढी माणसे. एका चौरस किलोमीटरमागे तीन माणसेही भरत नाहीत. अशा ठिकाणी सरकार म्हणजे मुख्यतः अंतराचा प्रश्न असतो.

या गाउँपालिकेतून आणखी एक रेषा जाते, जी जमिनीवर दिसत नाही. अप्पर मुस्तांगचा प्रदेश १९९२ मध्ये परदेशी प्रवाशांसाठी खुला झाला, पण तिथे जायला आजही वेगळा आणि महाग परवाना लागतो. ते प्रतिबंधित क्षेत्र कागबेनीच्या उत्तर टोकालाच सुरू होते. गावाच्या कडेला फलक आहे, आणि परवाना नसलेल्या परदेशी माणसाने त्याच्यापुढे जायचे नाही. त्यामुळे छुसाङ याच गाउँपालिकेत असूनही मला ते पाहता आले नाही. एकाच स्थानिक संस्थेच्या दक्षिण भागात यात्रेकरूंची वर्दळ आणि उत्तर भागात मोजके परवानाधारक गिर्यारोहक, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांचे उत्पन्न आणि त्यांच्या मागण्या वेगळ्या होणे साहजिक आहे.

नेपाळची आजची स्थानिक रचना तरुण आहे. तिथे १९९७ मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. त्या प्रतिनिधींची मुदत २००२ मध्ये संपली आणि नंतर माओवादी संघर्ष, राजेशाहीचा शेवट आणि संविधान सभेची दीर्घ प्रक्रिया यांत तब्बल वीस वर्षे गावांमध्ये स्थानिक निवडणूकच झाली नाही. त्या काळात गाव विकास समित्या सचिवांच्या हाती होत्या. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे थोरोङ ला परिसरात अचानक हिमवादळ झाले आणि मनाङ-मुस्तांग भागात चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हाही गावांत निवडून आलेला एकही प्रतिनिधी नव्हता. २०१५ च्या संविधानाने संघ, प्रदेश आणि स्थानिक असे तीन स्तर केले. मार्च २०१७ मध्ये जुन्या गाव विकास समित्या एकत्र करून नव्या संस्था अस्तित्वात आल्या. देशभरात त्या ७५३ आहेत: ६ महानगरपालिका, ११ उपमहानगरपालिका, २७६ नगरपालिका आणि ४६० गाउँपालिका. मुस्तांग जिल्ह्यात नगरपालिका एकही नाही, पाचही संस्था गाउँपालिकाच आहेत. कागबेनी, मुक्तिनाथ, झोङ आणि छुसाङ या चार जुन्या समित्या मिळून वारागुङ मुक्तिक्षेत्र झाली आणि तिचे पाच प्रभाग पडले. नेपाळीत प्रभागाला वडा म्हणतात.

आपली ग्रामपंचायत डोळ्यांसमोर ठेवून गाउँपालिकेकडे पाहिले, तर तिच्या अधिकारांचा आवाका लक्षात येत नाही. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थानिक स्तराचे २२ स्वतंत्र अधिकार दिले आहेत. माध्यमिक स्तरापर्यंतचे शिक्षण, मूलभूत आरोग्य, स्थानिक रस्ते, सिंचन, शेती-पशुपालन, आपत्ती व्यवस्थापन, एवढेच काय तर भाषा-संस्कृतीचे जतनही त्यांत येते. या विषयांवर गाउँसभा स्वतःचे कायदे करू शकते. आपल्याकडे हे काम ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि राज्य शासन यांच्यात वाटलेले असते. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची निवड थेट मतदानाने होते. प्रत्येक प्रभागात एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्या चारांपैकी एक जागा महिलेसाठी आणि एक दलित महिलेसाठी राखीव. पाच प्रभागांचा हिशेब केला तर निवडून आलेले २७ प्रतिनिधी होतात. दलित वा अल्पसंख्य समाजातून निवडायचे दोन सदस्य मिळवले की गाउँसभा २९ जणांची. अडीच हजारांच्या आतल्या लोकसंख्येत २९ प्रतिनिधी म्हणजे जवळजवळ प्रत्येक विस्तारित कुटुंबाचा कोणीतरी आप्त सभेत असणार. आरक्षणाची मात्र एक अडचण राहते. जिथे समाजाची वस्तीच फार थोडी आहे, अशा नेपाळमधील कित्येक प्रभागांत उमेदवार न मिळाल्याने दलित महिलेची जागा रिकामी राहिली. कायदा सगळ्या देशासाठी एक आहे आणि गावांची घडण मात्र एक नाही. तरीही ही तरतूद ठेवली गेली, हे मला योग्य वाटते.

मी ज्या घरी उतरले होते, तिथल्या दिदी एका सकाळी प्रभागाच्या बैठकीला निघाल्या होत्या. त्यांनी मलाही बरोबर येऊ दिले. वैशाख-जेठ हा नेपाळमध्ये पुढच्या वर्षाच्या योजना ठरवण्याचा काळ. वस्ती पातळीवर मागण्या गोळा होतात, प्रभाग त्यांचा क्रम लावतो, मग समित्या छाननी करतात, कार्यपालिका मंजुरी देते आणि शेवटी प्रस्ताव गाउँसभेपुढे जातो. खोली साधी होती. दारावर देवनागरीत नागरिक वडापत्र, म्हणजे नागरिकांची सनद, लावलेले होते: जन्म, मृत्यू, विवाह, स्थलांतर यांची नोंद, कोणत्या शिफारस पत्रासाठी कोणती कागदपत्रे, किती शुल्क, किती वेळात काम होणार, काम न झाल्यास तक्रार कोणाकडे. मराठी माणसाला ते सगळे जवळजवळ न अडखळता वाचता येते, आणि त्या फलकापुढे उभे राहून ओळ न् ओळ वाचताना मला फार आनंद झाला. बैठकीतली चर्चा मात्र तिबेटीशी नाते असलेल्या स्थानिक बोलीत चालली होती. एखादा मुद्दा पक्का झाला की लिहिणारा तरुण तो नेपाळीत वाचून दाखवी, दोन-तीन वृद्ध माना डोलावत किंवा हात हलवून अडवत, आणि मगच तो वहीत उतरे. मागण्यांत पाटाची दुरुस्ती सर्वांत वर होती, त्यानंतर नदीकाठची भिंत, मग शेतापर्यंत ट्रॅक्टर जाईल असा रस्ता.

पाटाला पहिला क्रमांक का, हे शेतात गेल्यावर समजले. इथे पावसावर पीक येत नाही. बर्फ वितळून येणारे ओढ्याचे पाणी पाटाने आणावे लागते. वरच्या गावांत हे पाणी रात्रभर तळ्यात साठवतात आणि सकाळी पाळीप्रमाणे सोडतात. एक आजोबा आपल्या जवाच्या वाफ्याचे तोंड बंद करत होते. त्यांनी एक चपटा दगड आडवा टाकला, त्याच्यामागे मुळासकट उपटलेल्या गवताचे ढेकूळ पायाने दाबून बसवले, वर दोन फावडी चिखल ओढला आणि पाणी लगेच पुढच्या शेताकडे वळले. पुढच्या शेतातली बाई आधीच वाट पाहत उभी होती. कोणाची पाळी केव्हा, किती वेळ, पाट साफ करायला कोणत्या दिवशी जमायचे, हे गाउँपालिका ठरवत नाही, मुखिया ठरवतात. बारागाउँत प्रत्येक गावाचे मुखिया असतात, त्यांची निवड गावच करते आणि जबाबदारी घराघरांतून फिरते. सामुदायिक कामाला दर धुरीमागे, म्हणजे दर घरामागे, एक माणूस द्यावा लागतो, न दिल्यास दंड. दुसऱ्याच्या उभ्या पिकात जनावर शिरले तरी दंड. कापणी कधी सुरू करायची आणि जनावरे मोकळी कधी सोडायची, हेही गाव मिळूनच ठरवते.

मग नवी गाउँपालिका आणि जुना मुखिया यांचे जमते कसे? मी हा प्रश्न अनेकांना विचारला. बहुतेकांच्या बोलण्याचा आशय एकच होता: सिमेंट, लोखंड आणि पैसा गाउँपालिकेचा, पाणी गावाचे. पाटाच्या दुरुस्तीला निधी मंजूर झाला की काम मुखियाच्या देखरेखीखाली श्रमदानाने पुढे जाते. मुखिया पदाला नव्या कायद्यात जागा नाही, परंतु त्याच्या संमतीशिवाय पाटाला हात लावण्याचे धाडस कोणी करणार नाही. मला ही व्यवस्था शहाणपणाची वाटली. तिच्यात उणीव नाही असे नाही. मुखिया बहुतेक पुरुषच असतात आणि जुन्या घराण्यांचा शब्द अधिक चालतो. गाउँसभेत मात्र स्त्रियांच्या जागा कायद्याने निश्चित आहेत. दिदींनी मला सांगितले की गावच्या बैठकीला त्या पूर्वीही जात असत, पण नवऱ्याच्या ऐवजी. आता स्वतःच्या नावाने जातात.

पाण्याच्या तंट्यासाठी कायद्यानेही दार उघडे ठेवले आहे. संविधानाच्या २१७ व्या कलमानुसार प्रत्येक गाउँपालिकेत तीन सदस्यांची न्यायिक समिती असते आणि तिच्या अध्यक्षपदी उपाध्यक्ष असतात. २०१७ च्या स्थानिक सरकार संचालन कायद्याने १३ प्रकारच्या वादांचा निवाडा करण्याचा अधिकार या समितीला दिला, आणि त्यांत बांध, पाट आणि पाण्याची वाटणी यांवरचे वाद येतात. मजुरी न देणे, दुसऱ्याचे पीक नासवणे, ज्येष्ठांचा सांभाळ न करणे, हेही त्यांतच. आणखी ११ प्रकारच्या वादांत समिती मध्यस्थीने समेट घडवते. राजकीय पक्षांनी अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोन उमेदवारांपैकी एक महिला द्यावी, असा नियम असल्याने २०१७ मध्ये देशभर उपाध्यक्षपदी बहुसंख्येने स्त्रिया आल्या. त्यामुळे ज्या गावांत स्त्रियांना पंचांसमोर उभे राहायचीही सवय नव्हती, तिथे निवाडा देणारी बाई खुर्चीवर बसली. २०२२ च्या निवडणुकीत पक्षांनी आघाड्या करून प्रत्येकी एकच पद लढवले, त्यामुळे हा नियम बाजूला सारता आला आणि स्त्रियांचे प्रमाण घटले. आपल्या तंटामुक्त गाव समित्यांशी न्यायिक समितीचे साम्य जाणवेल, पण तिच्यामागे संविधानाचे बळ आहे आणि तिच्या निर्णयावर जिल्हा न्यायालयात अपील होते, हा फरक मोठा आहे.

मुक्तिनाथला मी जीपने न जाता खिंगार, झारकोट करत चालत गेले. मंदिर लहान आहे, तीन छपरांचे. त्याच्यामागे अर्धवर्तुळात पितळी तोट्यांतून १०८ धारा पडतात आणि पाणी अंगावर पडताच श्वास अडकतो. श्रीवैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांत, म्हणजे विष्णूच्या पवित्र स्थानांत, याची गणना आहे आणि तिबेटी बौद्धांनाही ते तितकेच पवित्र आहे. मंदिराची देखभाल बौद्ध भिक्षुणी करतात, पूजा हिंदू पुजारी करतात. जवळच्या ज्वालामाईच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, जमिनीतून येणाऱ्या नैसर्गिक वायूची निळसर ज्योत पाण्याशेजारी तेवताना दिसते. पण धारांचे हे पाणी पुढे जाते कुठे, हे मला जास्त महत्त्वाचे वाटले. ते खाली झुडपांतून, पाटांतून गावांच्या शेतांकडेच जाते. यात्रेकरूंनी फेकलेल्या साबणाच्या वड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जुने कपडे यांचा प्रश्न म्हणूनच केवळ देवस्थानाच्या स्वच्छतेचा राहत नाही. स्वच्छता हा गाउँपालिकेचा विषय, मंदिराचे व्यवस्थापन वेगळ्या समितीकडे, आणि हा सगळा प्रदेश १९८६ पासून सुरू झालेल्या अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात. ७,६२९ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राचे प्रवेश शुल्क निसर्ग संरक्षणाच्या राष्ट्रीय न्यासाकडे जमा होते. निवडून आलेल्या स्थानिक संस्था आल्यापासून, या शुल्कावर आणि व्यवस्थापनावर आमचा हक्क किती, असा प्रश्न त्या विचारत आहेत. न्यासाने वाटा, पूल आणि गावसमित्या उभ्या केल्या, हे खरे. पण कचऱ्याची गाडी ज्याला पाठवावी लागते, त्याला उत्पन्नात हक्काचा वाटा मिळायला हवा, असे माझे स्पष्ट मत झाले.

कागबेनीत परतल्यावर ओढ्याच्या काठी गेले. १३ ऑगस्ट २०२३ रोजी याच ओढ्याला अचानक पूर आला, चिखल आणि दगडगोटे घेऊन तो गावात घुसला, घरे आणि पूल गेले. लोक वेळेत उंचावर गेल्याने जीव वाचले. वर्षाला तीनशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या प्रदेशात असा पूर येतो, कारण उघड्या डोंगरांवर झाडोरा नाही, माती सैल आहे, आणि थोडक्या वेळात पडलेला पाऊस सगळाच खाली येतो. इथली धाब्याची घरेही कोरड्या हवेसाठी बांधलेली आहेत. लाकडी वासे, त्यांवर काटक्या आणि वर थापून घट्ट केलेली माती, असे छत बर्फ लोटून काढले तर टिकते, सतत पाऊस झाला तर गळते. अनेक घरांवर आता पत्रा दिसतो, आणि वाऱ्याने तो उडू नये म्हणून त्यावर दगडांच्या रांगा. नवे घर नदीपासून किती दूर बांधायचे, याची परवानगी गाउँपालिका देते. पण ओढ्याकाठची जागाच सपाट, रस्त्यालगत आणि हॉटेलासाठी सोयीची असते, आणि एवढ्या ओळखीच्या गावात आपल्याच नातेवाइकाला नाही म्हणणे प्रभागाध्यक्षाला किती जड जात असेल, याची कल्पना करता येते.

हिवाळ्यात ही गावे अर्धी रिकामी होतात. लोक पोखरा-काठमांडूला उतरतात, कित्येकजण पिढ्यान्‌पिढ्या भारतात लोकरी कपड्यांचा व्यापार करत आले आहेत, आणि आता तरुण न्यूयॉर्कपर्यंत पोचले आहेत. पैसे येतात, पण पाट साफ करायला धुरीमागे एक माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न दर वर्षी अधिक अवघड होतो. काही घरे दंड भरून मोकळी होतात, काही मजूर पाठवतात.

कायद्याप्रमाणे गाउँपालिकेचा अर्थसंकल्प असारच्या १० तारखेपर्यंत, म्हणजे जूनच्या अखेरीपर्यंत, सभेपुढे मांडावा लागतो, कारण नवे आर्थिक वर्ष श्रावणाच्या पहिल्या दिवशी, जुलैच्या मध्यावर, सुरू होते. कागबेनीत जवाची कापणी नेमकी याच सुमारास येते आणि ती आटोपताच त्याच शेतात फापर, म्हणजे कुट्टू, पेरावा लागतो, नाहीतर थंडीआधी तो तयार होत नाही. सभेच्या दिवशी तुम्ही काय करता, असे मी दिदींना विचारले. त्या म्हणाल्या, पहाटे उठून कापणीला सुरुवात करायची, दहाला हातपाय धुऊन सभेला जायचे, आणि दुपारी वाऱ्याचा जोर वाढायच्या आत कापलेले जव बांधून ठेवायला घरचे कोणी नसेल तर शेजारणीला सांगून ठेवायचे. पुढच्या वेळी तिची पाळी असते.